अकरा आणि एकोणीस

"दुसऱ्या भागात नुसत्या पाट्या टाकल्यात," सुमित नावाचा मुलगा माइक घट्ट धरून बोलत होता. "पहिला भाग एका दमात संपवलेला मी. सॉलिड होता. हा उघडला आणि अकराव्या प्रकरणातच भिवा तांडेल खपला! बरं, मेला तर मेला. पण पुढची सात प्रकरणं अख्खं गाव किनाऱ्यावर बसून त्याचीच वाट बघतंय. म्हणजे लेखक विसरला काय, की माणूस गेलाय?"

हॉलमध्ये हशा पिकला. डोंबिवलीतल्या त्या वाचनालयात रविवारी दुपारी पस्तीस-चाळीस माणसं जमली होती आणि बोलायची खुमखुमी प्रत्येकालाच होती. चर्चा 'भरतीची शपथ' या पुस्तकावर होती. मिठागरांच्या एका अद्भुत राज्याची तीन भागांची कादंबरी, त्यातला हा मधला भाग. पहिल्या भागाने वाचकांना वेड लावलं होतं. हा भाग येऊन चार महिने झाले होते आणि चार महिने लोक नुसती नाकं मुरडत होते.

शेवटच्या रांगेत दर्शना मांडीवर पॅड घेऊन बसली होती. ती काही वाचक नव्हती. हे पुस्तक तिने टाइप केलं होतं. बावीस वर्षं ती स्टेशनजवळच्या एका छोट्या प्रकाशकाकडे डीटीपीचं काम करत होती, आणि दर्शनाबाईंच्या पानात चूक शोधून दाखवा, असं जुने मालक येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. आज तिला इथे लेखकाने पाठवलं होतं. लेखक गुणाजी भोईर, कळव्याचे, तीस वर्षं केमिकल कंपनीत पंप ऑपरेटर होते. स्वतः यायची त्यांची हिंमत झाली नव्हती.

"मना नाय झेपत, बाय," ते फोनवर म्हणाले होते. "नातीच्या मोबाइलवर वाचलं तेवरा बास झाला. रेंगालतो बोलतान, कंटाला येतो बोलतान. तू जा, आइक, ना मना खरं काय ता सांग. लोकांना नकोच असंल तर तिसरा भाग मी आजपासून बंद करतो."

तिसरा भाग अर्धा लिहून झाला होता. महिनाभर त्यांनी त्याला हात लावला नव्हता.

आता ऋजुता नावाच्या बाई उठल्या. त्या पुस्तकांवर ऑनलाइन लिहायच्या, त्यामुळे सगळे जरा सावरून बसले.

"मला उलट हे फार धाडसी वाटलं," त्या म्हणाल्या. "आधी मृत्यू, मग प्रतीक्षा. आणि एकोणिसाव्या प्रकरणात तोच भिवा शपथ घेऊन होडी पाण्यात लोटतो. काळच उलटा वाहतोय! फॅन्टसीत हे चालतं."

"चालतं म्हणून काहीही चालवायचं काय?" सुमित बसल्या जागेवरून ओरडला.

दर्शना भराभर उतरवून घेत होती. 'एकोणिसाव्यात होडी लोटतो' एवढं तिने लिहिलं आणि पेन थांबलं. तिला हस्तलिखिताचे गठ्ठे आठवले.

गुणाजीकाकांनी ते बाजाराच्या पिशवीतून आणलं होतं. सव्वीस गठ्ठे, प्रत्येकाच्या कोपऱ्यात आकडा, आणि पिशवीत सगळे खालीवर झालेले. तिने ते क्रमाने लावले. त्यात दोन गठ्ठ्यांवर तिला अकराच दिसला. काकांचा एक आणि काकांचा नऊ, दोघांनाही एक गोल आणि एक शेपूट. ज्याचं शेपूट जरा लांब वाटलं त्याला तिने एकोणीस मानलं आणि टाइप करायला बसली. चार ओळी वाचून बघाव्यात हे तिच्या डोक्यातही आलं नाही. पुस्तकात प्रकरणांना नावं नव्हती, नुसते आकडे. प्रुफं गेली तेव्हा रंगूबाईंच्या, म्हणजे काकांच्या बायकोच्या, डोळ्याचं ऑपरेशन होतं. 'दर्शना बायचं काम, बघायला नको' असं लिहून काकांनी न वाचताच सही केली होती. पुस्तक छापून आल्यावरही त्यांनी ते उघडलं नव्हतं.

उठून सांगावं असं तिला वाटलं. पण ती उठली नाही. मग तिला इतरांचाच राग आला. इतकी शिकलेली माणसं, तास तास बोलतायत, आणि एकालाही साधी शंका येऊ नये की पानं मागेपुढे झाली असतील? चांगला लिहिणारा माणूस एकदम बावळट कसा होईल? पण हा रागही फार टिकला नाही, कारण पुस्तकातलं अक्षर न् अक्षर सगळ्यांच्या आधी तिच्याच बोटांखालून गेलं होतं.

कार्यक्रम संपल्यावर तिने अनिमेषला जिन्यातच गाठलं. हा जुन्या मालकांचा मुलगा, आता प्रकाशनाचा कारभार तोच बघायचा. त्याने सगळं ऐकलं आणि आधी आजूबाजूला कुणी नाही ना ते पाहिलं.

"ताई, कुणाला बोललात का?"

"नाही रे. पण शुद्धिपत्र छापू. एवढीशी चिठ्ठी. 'प्रकरण एकोणीस अकराच्या जागी वाचावे आणि अकरा एकोणीसच्या.' उरलेल्या प्रतींत घालू, वाचनालयांना पाठवू. चूक माझी आहे, माझं नाव घाल त्यात."

"वेड्या आहात का? ऋजुता मॅडमचा लेख उद्या येतोय. प्रयोगशील म्हणाल्या त्या. आणि आपण काय सांगायचं, की प्रयोग नाही, डीटीपी ऑपरेटरची चूक आहे? त्या तोंडावर पडतील, आपण पण पडू." त्याने आवाज मऊ केला. "फॅन्टसी आहे, ताई. खपून जातं. तिसऱ्या भागात नीट करू."

"तिसरा भाग येतोय कुठे, अनिमेष? काका लिहिणं सोडतायत!"

"त्यांना सांगा, अर्ध्या लोकांना आवडलंय," तो म्हणाला आणि ऋजुताबाईंना गाडीपर्यंत सोडायला धावला.

दर्शनाने ऑफिस उघडून ते दोन गठ्ठे काढले. रेल्वेचा मेगाब्लॉक होता, म्हणून कळव्याची बस धरली, तर ती शीळफाट्याला जी अडकली ती पाऊण तास जागची हलली नाही. ड्रायव्हर हॉर्न वाजवून कंटाळला. दर्शना गठ्ठ्यांवरचे दोन आकडे पुन्हा पुन्हा बघत राहिली आणि दर वेळी तिला ते सारखेच दिसले.

कळव्याला पोचली तेव्हा ऊन उतरलं होतं. गुणाजीकाका ओट्यावर सूप घेऊन सुक्या कोलंबीचे सोडे निवडत बसले होते.

"काय बोलली लोकं?" त्यांनी मान वर न करताच विचारलं.

"काका, चूक माझी आहे," ती म्हणाली आणि उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. अनिमेष काय म्हणाला तेही.

काकांनी सूप बाजूला ठेवलं, हात लुंगीला पुसले आणि गठ्ठे घेतले. त्यांच्या कपाळाची शीर तटतटली.

"आंधली हायस काय गो? ह्यो अकरा, ना ह्यो..." त्यांनी एक गठ्ठा डोळ्यांजवळ नेला, मग दुसरा. मग पान उलटून पहिली ओळ वाचली, तेव्हा कुठे त्यांना स्वतःला कळलं. त्यामुळे ते आणखीच भडकले.

"माजं अक्षर घान हाय, कबूल! पन तू वाचलं नायस? सगला टाइप केलास ना?"

"टाइप केलं. वाचलं नाही." दर्शना म्हणाली. "अर्थ बघत बसलं की हात अडतो, काका. मी नुसती अक्षरं बघते. बावीस वर्षांत मी एकही पुस्तक वाचलेलं नाही."

काकांनी गठ्ठे ओट्यावर ठेवले.

"चार महिने," ते म्हणाले, "चार महिने मी समजत व्हतो, का मनाच लिवता येत नाय. पयला भाग चुकून जमला, बास, आता घरी बस. ना ह्यो प्रकाशक बोलतो खपून जातं. म्हंजे मेलेला मानूस तसाच होरी हाकत रानार." त्यांनी सूप पुन्हा ओढलं. "जा तू. घरी जा."

दर्शना गेली नाही. चप्पल काढून ओट्यावर बसली.

"मी वाचते," ती म्हणाली. "आत्ता. मोठ्याने."

"आता कशाला? छापून झालं ना?"

तिने खरा अकरा उघडला आणि सुरुवात केली. "भिवाने राणीपुढे मूठभर मीठ ठेवलं पूर्णविराम. म्हणाला स्वल्पविराम येईन मी पूर्णविराम."

"ते पूर्णविराम कशाला बोलतंस गो?" काका खेकसले.

"प्रुफं वाचायची सवय आहे हो, काका. जाईल."

ती वाचत गेली. भिवाची होडी धुक्यात शिरली आणि गठ्ठा संपला. मधली सात प्रकरणं काकांनी सोडे निवडता निवडता तोंडीच सांगितली. आधी तुटक, तुसडेपणाने. भरतीमागून भरती येते, गाव किनारा सोडत नाही. मग सांगण्यात तेच रमले, हात थांबला. राणीच्या पोरीने रोज एक दिवा कसा वाढवला ते सांगताना त्यांचा राग कुठल्या कुठे गेला होता.

एकोणीस दर्शनाने सलग वाचलं. पूर्णविराम कधी बंद झाले ते तिलाही कळलं नाही. भिवा पोहत परत आला. त्याने फुटलेला बांध पाठ लावून रात्रभर धरून ठेवला, गाव वाचलं, आणि उजाडताना तो तिथेच मिठात आडवा झाला. शेवटची ओळ तिला धड वाचता आली नाही. तिने गठ्ठा खाली आपटला.

"कशाला मारलात हो त्याला?" ती ओरडलीच. "आला होता ना परत? दिलेला शब्द पाळला ना? मग? काय वाईट केलं होतं त्याने तुमचं?"

"मना काय हौस व्हती?" काकाही तितक्याच जोरात ओरडले. "आठ दिवस लिवत नव्हतो मी! जेवन गेलं नाय मना!"

"मग जगवायचा!"

"नाय जगत गो! तसा नाय जगत त्यो!"

आरडाओरडा ऐकून रंगूबाई हात पुसत दारात आल्या. नवऱ्याच्या लिहिण्यात त्यांनी कधी लक्ष घातलं नव्हतं. त्यांनी आधी काकांकडे पाहिलं, मग दर्शनाच्या भरलेल्या डोळ्यांकडे.

"कोन गेला गो बाय?"

काकांनी मान फिरवली.

"भिवा तांडेल," दर्शना म्हणाली.

"अरं देवा. कवा?"

"आत्ताच."

रंगूबाईंनी डोक्यावर पदर घेतला आणि त्या उंबऱ्यावर बसल्या.