मास्तरांचा उजवा पाय

मास्तरांनी एकेचाळीस वर्षं लोकांना गाडी चालवायला शिकवलं. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसायचं, आपल्या पायाखाली जो जास्तीचा ब्रेक असतो तो दाबायचा, आणि वर त्या बिचाऱ्यालाच विचारायचं, “डोळे घरी ठेवून आलात का?” एवढ्या भांडवलावर त्यांनी सुखाने संसार केला.

निवृत्तीनंतर माणसं बागकाम करतात, नाहीतर सुनेच्या कामात चुका काढतात. मास्तर दुसऱ्या उद्योगात चांगले रुळत होते, तेवढ्यात त्यांच्या बायकोने बॉलरूम नृत्याच्या वर्गात दोघांची नावं घातली. ती इस्पितळाच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेली. जन्मभर दुसऱ्यांचं रक्त तपासून झालं, आता स्वतःचं जरा सळसळू द्यावं, असं तिला वाटलं.

“या वयात?” मास्तर म्हणाले.

“मग कोणत्या? आधीची तर तुम्ही संपवलीत,” ती म्हणाली.

वर्ग गावातल्या सभागृहाच्या वरच्या मजल्यावर भरायचा. शिक्षिका त्यांच्या मुलीच्या वयाची. तिने सांगितलं, वॉल्ट्झ अगदी सोपा. पुरुषाने पुढे जायचं, बाईने मागे, एक-दोन-तीन मोजत खोलीभर गोल फिरायचं. मोजणं मास्तरांना येत होतं. पण समोरून दुसरी जोडी आली रे आली, की त्यांचा उजवा पाय आपोआप खाली दाबला जायचा, आणि पाय नि फरशी यांच्यामध्ये नेमका बायकोचा अंगठा असायचा.

मास्तरांनी आधी फरशीला दोष दिला, मग बुटांना, मग संगीताला. नाचता येईना अंगण वाकडं, हे त्यांना ऐकवायची कोणाची छाती नव्हती, कारण क्लचला नावं ठेवणाऱ्या निम्म्या गावाला ती म्हण त्यांनीच ऐकवली होती.

चौथ्या आठवड्यात अंगठ्याचं नख काळंनिळं झालं. वर्गात एक विधुर डेंटिस्ट एकटाच यायचा आणि शिक्षिकेबरोबर नाचायचा. सडसडीत, सभ्य, आणि हसला की बत्तीसच्या बत्तीस दिसणारा. असा माणूस मास्तरांना पहिल्याच दिवशी आवडला नाही, यात नवल ते काय!

“महिनाअखेरीला कार्यक्रम आहे,” नखाला मलम लावत बायको म्हणाली. “शनिवारपर्यंत पाय आवरला नाहीत, तर मी डेंटिस्टबरोबर नाचणार. शिक्षिकेला सांगून झालंय.”

मास्तर मोठ्याने हसले. पण ती त्या डेंटिस्टबरोबर गिरक्या घेतेय आणि आपण खुर्चीत बसून टाळ्या वाजवतोय, हे चित्र डोळ्यांपुढून हलेना. छत्तीस वर्षांच्या संसारानंतर आपल्याला मत्सर वाटतोय, याची त्यांना लाज वाटली. थोडं बरंही वाटलं.

शनिवारी मास्तरांनी तीन फेऱ्यांत सात वेळा ब्रेक दाबला. जित्याची खोड ती. शेवटी शिक्षिका म्हणाली, “आपण उलटं करू. काकू पुढे, काका मागे. काका, मागे वळून बघायचं नाही हं.”

मास्तर दोन पावलं मागे गेले आणि खुंटा ठोकल्यासारखे उभे राहिले.

“अहो, मी बघतेय ना!”

“तू काय बघणार?” मास्तर म्हणाले आणि सवयीने आजूबाजूच्या जोड्यांकडे वळले. हा किस्सा ते तीस वर्षं प्रत्येक पाहुण्याला सांगत आले होते. “माझी एकच विद्यार्थिनी नापास झाली. ही! तीन दिवसांत स्टिअरिंग सोडून पळाली. म्हणतात ना, दिव्याखाली अंधार.”

लोक हसले. बायको हसली नाही.

“त्या तीन दिवसांत मी एकदाही ब्रेक दाबला नव्हता,” ती हळूच म्हणाली. “दर वेळी माझ्या आधी तुम्ही दाबलात. मला वाटलं, आपल्याला खरंच काही दिसत नाही. मग जन्मभर बसने गेले.”

आपण हिला हसत हसत केवढं लुबाडलं, हे मास्तरांना त्या वर्गाच्या मधोमध, सगळ्यांदेखत कळलं.

“चल,” ते म्हणाले. “ने मला.”

ती निघाली. एक-दोन-तीन. मास्तर मागे मागे जात राहिले. मध्येच तिचे डोळे मोठे झाले. पाठीमागे काहीतरी आलंय, हे त्यांनी ओळखलं. उजवा पाय शिवशिवला. त्यांनी दात आवळले आणि तो उचलून तसाच मागे टाकला.

धाडकन ते डेंटिस्टच्या पाठीवर आदळले.

“चुकलं! माझं चुकलं!” बायको ओरडली. “वळायला उशीर केला मी.” इतक्या आनंदाने चूक कबूल करणारं माणूस मास्तरांनी आजवर पाहिलं नव्हतं. ही एक चूक पदरात पडायला तिला तीस वर्षं लागली होती.

डेंटिस्टने चष्मा सरळ केला आणि अदबीने विचारलं, “मग महिनाअखेरीला आपलं...?”

“नाही हो,” ती धापा टाकत म्हणाली, “मला हेच हवेत.” आणि मास्तरांचा हात धरून तिने पुन्हा मोजायला सुरुवात केली.