फेकायचं पाणी

पंचशीला मुखेडची, नांदेडला संशोधन करणारी. तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्या, जाळून कोळसा करायचा, तो दळून पत्र्यांवर चढवायचा आणि त्या पत्र्यांना वीज देऊन बोअरच्या पाण्यातलं मीठ ओढून घ्यायचं, हा एकच ध्यास. सोबतीला विरूपाक्ष. एकाच टेबलावर काम, एकाच डब्यात जेवण. तो मात्र बाहेरून मागवलेलं महागडं कार्बनचं कापड वापरायचा.

त्या दुष्काळात नवा जिल्हा होणार म्हणून पुढारी हारतुरे घेत हिंडत होते, आणि चाकूरकडच्या एका गावात बायाबापड्या खारं पाणी पीत होत्या. तिथं आधी पंचशीलाचं यंत्र बसायचं, मग विरूपाक्षाचं. ज्याचं पाणी गोड, ते तालुकाभर लागणार होतं.

पत्रे मिठानं भरले की वीज उलटी फिरवायची, मीठ सुटतं. ते मिठाचं पाणी फेकून द्यायचं. यंत्र बसवलं आणि मुखेडला तिचे वडील आजारी पडले. निघताना तिनं विरूपाक्षाला बजावलं, एवढं गावाला नीट समजावून सांग. तो "हाव, सांगतो" म्हणाला.

परत येऊन बघते तर पाणी पहिल्यापेक्षा खारट! तुराट्या चुलीतच बऱ्या, म्हणत गावानं यंत्र काढायला लावलं. विरूपाक्षानं तिला चहा पाजला, समजूत घातली. बिचारीला त्याचाच आधार वाटला, आता काय बोलावं!

मग त्याचं यंत्र बसलं. टाकी सांभाळायला धुरपताबाई होती. बटण दाबण्याआधी तो तिला म्हणाला, "मावशी, हे मिठाचं पाणी फेकायचं बरं का. मागच्या बारी टाकीत परत ओतलंत, तसं करू नका."

पंचशीला शेजारीच उभी होती. घागरभर पाणी फेकायला दुष्काळात कुणाचा हात धजणार? ओढलेलं मीठ रोज टाकीत परत जात होतं.

"तुला ठाऊक होतं," ती म्हणाली.

तो नळाशी खुडबुड करत राहिला. धुरपताबाईच बोलली, "मी रोज ह्याच्यादेखत ओतत होते, बाई. हा नुसता बघायचा. फेका म्हणून आज सांगून राहिला."

पहिला तांब्या भरला. विरूपाक्षानं तो वर न बघता पंचशीलापुढं धरला. तिनं घोट घेतला. पाणी गोड होतं. तिच्या तुराट्यांनीही असंच गोड केलं असतं, आणि हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

उरलेलं पाणी तिनं त्याच्यासमोर मातीत ओतलं. धुरपताबाईनं तिला अडवलं नाही.