दोन रेघांची खूण

"आधी तळहात फिरव, मग खडू घे. सुरीला डोळे नसतात, तिला वाट खडूनंच दाखवायची," वडील सांगायचे. मोटारींच्या आतलं कातडी काम करणाऱ्या त्यांच्या कारखान्यात त्यावरून एक शिस्तच पडून गेली होती. जिथं कापायचं तिथं खडूनं आखायचं, खाली आपली निशाणी काढायची; निशाणी नसेल तर कुणी सुरी उचलायची नाही. वडील गेले, शिस्त राहिली. धाकटीची निशाणी म्हणजे दोन आखूड रेघा. पंचेचाळिशी उलटली तरी ती घरात आणि कारखान्यात धाकटीच, कारण वर दादा होता. दादा गिऱ्हाईक सांभाळायचा, ती सुई.

सध्या आत एक जुनी, बुटकी, दोनच माणसांची स्पोर्ट्स कार उभी होती. "हिच्यात बसायचं नसतं, विहिरीत उतरावं तसं उतरायचं असतं," असं कारखान्यातला वायरमन म्हणायचा. गाडी एका निवृत्त शिक्षिकेची. सगळे त्यांना बाईच म्हणत. बाईंची नजर आता गेली होती. गाडी सोडायला मुलाबरोबर आल्या, तेव्हा उजव्या दाराच्या आतल्या कातड्यावरून बोटं फिरवत म्हणाल्या, "इथं टाके वाकडे लागतात बघ. आमच्या ह्यांनी घातलेत. सुई धरायची अक्कल नव्हती, हौस मात्र दांडगी."

"ह्या टाक्यांना हात लावणार नाही, बाई," धाकटी म्हणाली. "आणि काही कमीजास्त झालंच, तर दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत मी स्वतः येऊन सांगेन."

"शब्द?"

"शब्द."

काम मनासारखं चाललं होतं. बैठकांचा बसका फोम बदलला. समोरच्या फळीखाली मूळचे दोन लहान स्पीकर होते, त्यांचे शंकूसारखे कागदी पडदे कडेला फाटले होते. वायरमननं ब्रशनं धूळ काढली, धाकटीनं कडेनं पातळ, मऊ कातड्याची पट्टी चिकटवली. लावून पाहिले तर आवाज लहान, पण स्वच्छ.

"म्हाताऱ्या गवयासारखा," वायरमन म्हणाला. "दम कमी, सूर पक्का."

बुधवारी सकाळी दादा म्हणाला, "चिमे, कातडंवाल्याकडे जाऊन ये. बैठकांचा रंग तूच डोळ्यांनी बघून ठरव. मला त्यातलं काय कळतंय?"

बसनं दोन तास. कातडंवाला तिला बघून चकित झाला. "अहो, दादांनी परवाच फोनवर रंग पक्का केला. माल निघालासुद्धा! तुम्हाला बोलले नाहीत?"

"विसरला असेल," ती हसून म्हणाली. परतीच्या बसमध्ये मात्र ते हसू कुठल्या कुठे गेलं.

कारखान्यात पाऊल टाकलं आणि ती जागीच थांबली. दोन्ही दारांच्या पॅनेलांना ताटाएवढी भोकं पाडून त्यांत काळे, नवेकोरे स्पीकर बसवले होते. उजव्या दारावरचे वाकडे टाके मधूनच तुटले होते.

"ताई, बघा कसे मापात बसलेत!" वायरमन खुशीत होता. "केसाचा फरक नाही."

"कुणी सांगितलं तुला कापायला?"

"कुणी म्हणजे? तुमची खूण होती की. मी दादांना विचारलंपण, ताई तर जुनेच ठेवणार होत्या ना? ते म्हणाले, खूण बघ आणि काप." तिचा चेहरा पाहून त्याचा हात हळूहळू खाली आला. "ताई... तुमची नव्हती?"

कापलेला गोल तुकडा टेबलावर पडला होता. कडेला खडूची रेघ, खाली दोन आखूड रेघा. दुसरी किंचित तिरकी, थेट तिची असते तशी. तीस वर्षं शेजारी बसून तिचा हात पाहिलेल्या माणसानंच केलेली हुबेहूब नक्कल.

ती पुढच्या खोलीत गेली. "दादा, माझी खूण तू काढलीस?"

दादानं मोबाइलमधून डोकं वर काढलं नाही. "बाईंचा मुलगा आला होता. त्याला दणदणीत आवाज हवाय. त्याच्या मित्रांच्या तीन गाड्या आपल्याकडे येतायत."

"मला विचारायचंस."

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणून माझ्या हातानं हो म्हणालास?"

दादानं मोबाइल बाजूला ठेवला. मग समजुतीच्या सुरात म्हणाला, "अगं, म्हातारीला दिसतंय कुठं? शनिवारी न्यायला येतील. सांगू, कातडं कुजलं होतं, काढावंच लागलं. तू सांग. तुझ्यावर तिचा विश्वास आहे."

धाकटीला वाटलं, खुणेपेक्षा हे जास्त लागलं. दारं कापून झाली होती, आता दादा तिची जीभ मागत होता.

"नाही सांगणार," ती म्हणाली.

"घरातली गोष्ट बाहेर नेणार? भाऊ आहे मी तुझा."

"भाऊ नसतास तर माझी खूण तुला जमली नसती, दादा."

आवाज तिनं चढवला नाही. चढवायची सवयच नव्हती. आत येऊन उजव्या दाराचा तुकडा दिव्याखाली धरला. त्यावर वाकडे अकरा टाके शाबूत होते. ते उसवू नयेत म्हणून तिनं तुटलेल्या दोऱ्यांच्या टोकांना बारीक गाठी मारल्या. मग दारात उरलेल्या टाक्यांनाही मारल्या. तुकडा मऊ कापडात गुंडाळून पिशवीत ठेवला.

"मीपण येऊ का, ताई?" वायरमननं विचारलं. "कापलं मी."

"तू नको. शब्द मी दिला होता."

तिनं अंगावरचा एप्रन काढून खिळ्याला लावला. पुढच्या खोलीतून दादानं हाक मारली, "चिमे, अगं ऐक तरी!" तिनं पायांत चपला सरकवल्या, पिशवी छातीशी धरली आणि बाईंच्या घराच्या रस्त्याला लागली.