मधली जाळी

मित्रांनो, मी एक जुनी तारेची जाळी आहे. एका पिंजऱ्याच्या मधोमध उभं राहायचं, एवढंच माझं काम. मला ना दार, ना कडी. पाहुणे पिंजऱ्यात डोकावतात तेव्हा माझ्यातून आरपार बघतात. माझ्याकडे कोणी बघत नाही.

माझा जन्म मामाच्या हातून झाला. मामा घरोघरी खिडक्यांना जाळ्या बसवतो. उरलेल्या तुकड्यातून त्याने मला कापलं, कडा दुमडल्या आणि भाचीच्या पिंजऱ्यात सरकवलं. "ही काढायची नाही हं," एवढंच म्हणून तो घाईघाईने कामावर गेला. का काढायची नाही, ते सांगायचं राहूनच गेलं.

माझ्या एका बाजूला शेठ राहायचा. शेठ म्हणजे हॅमस्टर. गालांत दाणे कोंबून ऐटीत बसायचा, म्हणून हे नाव. दुसऱ्या बाजूला चिमटी, बोटभर लांबीची पांढरी उंदरीण. दोघांना एकटं वाटू नये म्हणून भाचीने त्यांची अंथरुणं दोन्हीकडून मला टेकवून ठेवली होती.

"आई, बघ ना, एकमेकांना टेकून झोपलेत!"

"किती गं माया!" आई म्हणाली.

शेजारच्या काकू तर मलाच बोलल्या. "मधे ही मेली जाळी कशाला? बिचाऱ्यांची उगाच ताटातूट!"

मला फार वाईट वाटलं. कारण मला ठाऊक होतं, शेठ झोपलेला नसायचा. डोळे मिटून, अंग न हलवता, तो माझ्या एकाच तारेला नाक लावून असायचा. खालून चौथी तार. पलीकडे चिमटीने श्वास घेतला की इकडे त्याच्या मिशा हलायच्या. तिने श्वास रोखला की मिशाही थांबायच्या. मग तो ती तार दातांत धरायचा. चावायचा नाही, नुसती धरून ठेवायचा. तेव्हा चिमटीचं काळीज असं धडधडायचं की माझ्या सगळ्या तारा थरथरायच्या. मला ओरडावंसं वाटे, पण जाळीला तोंड कुठलं?

भाचीच्या वाढदिवशी संध्याकाळी तिने मला ओढून बाहेर काढलं आणि खिडकीत ठेवलं. "आजपासून तुम्ही एकत्र!" असं म्हणून ती आनंदाने बाहेरच्या खोलीत पळाली.

जिथे मी उभी असायचे ती जागा शेठने आधी हुंगली. त्याला कसलीच घाई नव्हती. चिमटी कोपऱ्यातल्या चाकात शिरली आणि चाक फिरू लागलं. बाहेर केक कापला गेला, टाळ्या वाजल्या. टाळ्या थांबल्या तेव्हा चाक रिकामंच फिरत होतं.

भाची केकचा तुकडा घेऊन आली. शेठ चिमटीच्या अंथरुणात बसून तोंड पुसत होता. चिमटी भुशाखाली सापडली. ती गार पडली होती.

मामा आला, पण रागावला नाही.

"पण मामा, तो तिला टेकून झोपायचा रे!" भाची हुंदके देत म्हणाली.

"झोपायचा नाही, बाळा. ऐकायचा." मामाने मान खाली घातली. "चुकलं माझंच. तुला नीट सांगायला हवं होतं. त्याला दुसरा हॅमस्टरसुद्धा जवळ चालत नाही गं."

मित्रांनो, शेठवर माझा राग नाही. त्याने आपलं घर राखलं. हे प्राणी इवलेसे आणि गोंडस असले, म्हणून काही ते एकमेकांचे सोबती होत नाहीत. प्रत्येकाला स्वतःचं घर द्या, तेही लांब, दुसऱ्या खोलीत. माझ्यासारखी जाळी पुरत नाही. वास माझ्यातून जातो. भीतीही जाते.

भाचीने मला परत जागेवर बसवलं. चिमटीची बाजू आता रिकामी आहे, पण तिचं अंथरूण भाची कोणाला काढू देत नाही. दिवेलागणीला शेठ सवयीने येतो, चौथ्या तारेला नाक लावतो आणि तिथेच थिजून जातो. पलीकडे कोणी नाही, हे मी रोज बघते. तरीही पलीकडून ती तार कोणीतरी हळूच दातांत धरतं. चावत नाही, नुसती धरून ठेवतं.

आणि माझ्या सगळ्या तारा पुन्हा थरथरू लागतात. आता धडधडत असतं ते शेठचं काळीज.