आवळीखालचं जेवण

चंद्रमहालाच्या फाटकावरचा एकोणीस कलमांचा फलक वीरेंद्र तळपद्यांनी स्वतः लिहिला होता, आणि त्यातलं एकही कलम त्यांना कधी चुकीचं वाटलं नव्हतं. भायखळ्याची ती बाग एका खालसा झालेल्या संस्थानाची. राजेसाहेब गेले, राणीसाहेब गेल्या, महाल ट्रस्टकडे आला, आणि तळपदे त्या ट्रस्टचे तीस वर्षं व्यवस्थापक होते. ते आले तेव्हा कारंज्यांत शेवाळ होतं, हौदात डास होते आणि तिजोरीत खडखडाट. बाग जगवायची तर बघायला येणाऱ्यांनीच ती पोसली पाहिजे, असं त्यांचं साधं म्हणणं, आणि ते काही खोटं नव्हतं. मग प्रवेशाचं तिकीट आलं, कॅमेऱ्याचं वेगळं आलं, लग्नाआधीच्या फोटोंचं त्याहून वेगळं. कमळांचा हौद आणि जुनी आवळी असलेला जो आतला भाग, राणीचा कुंज, त्याला वरती आणखी एक तिकीट. बाहेरचे खाद्यपदार्थ आत आणू नयेत, हे कलम अकरावं. कोणालाही सवलत नाही, हे शेवटचं, आणि त्याखाली जाड रेघ.

कार्तिकात त्या आवळीखाली डबे घेऊन जेवायला येणाऱ्या बायकांची जुनी वहिवाट अकराव्या कलमात बुडाली. पत्रावळी, उष्टं, कावळे. बागेची शोभा जाते, असं तळपदे म्हणाले. त्यांची बायको यशोदा त्या बायकांपैकीच. पण ती घरी एक अक्षर बोलली नाही. म्हणजे तिला पटलं, असं त्यांनी धरून टाकलं.

लोक शिव्या घालायचे. मोबाइलवर नाचती कारंजी बघून माणसं डोंबिवलीहून पोराबाळांसकट यायची, आणि कारंजी फक्त शनिवार-रविवारी सुरू असतात हे तिकीटखिडकीशी कळलं की तिथंच रणकंदन. तळपदे माडीवरच्या ऑफिसात बसून ऐकायचे आणि चहा प्यायचे. फलकावर लिहिलंय, वाचता येत नाही का, एवढंच त्यांचं उत्तर. माणूस सरळ, कुणाच्या एका पैला शिवला नाही. पण सरळ माणसाचं एक वाईट असतं, आपण सरळ आहोत हे त्याला फार ठाऊक असतं.

निवृत्तीनंतर चार वर्षांनी, या कार्तिकात, यशोदाबाईंच्या आतड्याचं ऑपरेशन गुरुवारी ठरलं. डॉक्टर गोड बोलला, पण पुढचं पुढे बघू असं दोनदा म्हणाला, आणि ते तळपद्यांच्या मनात रुतून बसलं. बुधवारपासून नुसतं पातळ. मंगळवारी मात्र जे आवडेल ते खाऊन घ्या, म्हणाला. घरी आल्यावर यशोदाबाई म्हणाल्या, चंद्रमहालातल्या आवळीखाली बसून एकदा जेवायचंय. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात या बाईने तोंड उघडून मागितलेल्या गोष्टी एका हाताच्या बोटांवर संपल्या असत्या. तळपदे म्हणाले, त्यात काय, परवानगी काढतो.

परवानगी त्यांनी काढली नाही. फोन उचलला आणि ठेवला. अकराव्या कलमाला सवलत मागायची, आणि ती त्यांनी? ज्या फाटकातून तीस वर्षं सलाम घेत गेले, तिथं अर्ज करायचा? आपला चेहरा हीच परवानगी, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली आणि बायकोला सांगितलं की काम झालं.

मंगळवारी ठाकूरद्वारहून ते टॅक्सीने निघाले. आदल्या दिवशी पलंगावर बसून यशोदाबाईंनी मोड आलेले वाल एकेक करून सोलले होते. डब्यात बिरडं होतं, पुऱ्या होत्या, आवळ्याचं ताजं लोणचं होतं. वाटेत त्या डबा मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या. तळपदे सारखे त्यांच्या मनगटाकडे बघत होते. किती बारीक झालं होतं ते.

फाटकाशी एक जोडपं तिकीटवाल्याशी भांडत होतं. आवळी बघायला वेगळे पैसे कशाला, झाडच ना ते, असं काहीतरी. ते भांडण संपेपर्यंत दोघं उभे राहिले. मग नव्या वॉचमनने पिशवी उघडायला लावली आणि डबा बाहेर ठेवा म्हणाला. तळपद्यांनी आपलं नाव सांगितलं. त्याला ते नाव कुठं ठाऊक असणार? त्याने बोटाने फलकाची अकरावी ओळ दाखवली.

गलका ऐकून व्यवस्थापक अनुजा बाहेर आली. तिला तळपद्यांनीच नोकरीत घेतलेलं, त्यांनीच तयार केलेलं. ती वाकून पाया पडली आणि मग अवघडून सांगू लागली की आता बागेत जेवणाची योजना आहे, पण कमीत कमी दहा माणसं लागतात, आठ दिवस आधी नोंदवावं लागतं, आणि जेवण ट्रस्टच्या केटररचंच. तळपद्यांचे कान तापले. तिला बाजूला घेऊन त्यांनी गुरुवारचं सांगितलं. आणि मग जे जन्मात कुणापुढे म्हणाले नव्हते, ते म्हणाले.

"एवढ्या वेळेला सोड, अनुजा."

अनुजाचे डोळे भरून आले. डबा शालीखाली घ्या, ती म्हणाली, वॉचमन बघणार नाही. आवळीच्या मागच्या अंगाला बसा, तिथं कॅमेरा नाही. तळपदे हलक्या पावलांनी बायकोकडे परतले आणि चल म्हणाले.

यशोदाबाई हलल्या नाहीत. त्यांनी अनुजाला विचारलं, आज दुसरी कुणी बाई डबा घेऊन आली तर? अनुजाने तळपद्यांकडे पाहिलं. नाही सोडता येणार काकू, ती म्हणाली.

"मग मलाही नको," यशोदाबाई म्हणाल्या.

तळपदे चिडले. आज तरी हट्ट नको, म्हणाले. तुझ्यासाठी मी हात पसरलाय. त्यावर त्या शांतपणे बोलल्या. फलक लागला त्या कार्तिकात ठाकूरद्वारच्या सहा जणी इथंच उभ्या होत्या. त्यांच्या सासवा यायच्या, आजेसासवा यायच्या. डबा घेऊन आलेल्या बाईला कार्तिकात दार बंद करू नका, असं राणीसाहेबांनीच सांगून ठेवलं होतं. वॉचमन वर निरोप घेऊन गेला होता.

तळपद्यांना तो दिवस लख्ख आठवला. साहेब, काही बायका आल्यात, दरवर्षी येतो म्हणतात. फाइलमधून मान वर न करता त्यांनी सांगितलं होतं, फलक वाचून दाखव. पुढे कितीतरी दिवस ते हा किस्सा ट्रस्टींना रंगवून सांगत.

"त्या सहांत मी होते," यशोदाबाई म्हणाल्या.

नाव का नाही सांगितलंस, त्यांनी विचारलं.

"आमच्यातल्या दुर्गावहिनी म्हणाल्या, तुझं नाव सांग, दार उघडेल. उघडलं असतं, माझ्यापुरतं. मला वाटलं, तुम्ही एकदा खिडकीशी येऊन बघाल. संध्याकाळी तोच डबा गरम करून तुम्हाला वाढला. बिरडं दोनदा मागून घेतलंत. फक्कड झालंय म्हणालात."

अनुजा मान खाली घालून आत गेली. यशोदाबाई भिंतीच्या कडेकडेने चालू लागल्या. पुढे बसस्टॉपचं बाक होतं, आणि कुंजाच्या भिंतीवरून आवळीची एक फांदी त्याच्यावर ओणवली होती. चार आवळे फुटपाथवर पडले होते. त्या बाकावर टेकल्या, पदराने कपाळ पुसलं.

"इथं बसू. सावली तिचीच आहे."

त्यांनी तळपद्यांना झाकणात पुऱ्या आणि बिरडं वाढलं. स्वतः दोन घास चवीने खाल्ले, तिसरा बराच वेळ हातात राहिला. समोरून बस गेली. फाटकाशी कुणीतरी कारंज्यांवरून पुन्हा आवाज चढवला होता.

तळपद्यांनी वर पाहिलं. माडीवरची ऑफिसची खिडकी तिथून स्पष्ट दिसत होती. म्हणजे खिडकीतून हे बाकही दिसत असणार, आणि फाटकही. खुर्चीतून उठून चार पावलं यायचं, एवढंच होतं.

"वाढू आणखी?" यशोदाबाईंनी चमचा पुढे केला.

त्यांनी मानेनेच नको म्हटलं. तोंडातला घास अजून गिळायचा होता.