तोतया सर्व्हर

कशेळीच्या गोदामावरच्या ऑफिसात नेत्राचा एक डोळा स्क्रीनवर, दुसरा मोबाईलवर. कामतघरला घरी तिचा एक वर्षाचा मुलगा भाविक तापाने फणफणला होता. सकाळी औषध पाजून, सासूच्या मांडीवर देऊन ती कामावर आली होती.

"आई, भाविक कसा आहे?" तिने सासूला फोनवर विचारलं.

"बरा हाय गो. तू तुजा काम कर."

जेवणाच्या सुट्टीत तेच उत्तर. चहाच्या वेळीही तेच.

गोदामाचं नवं ॲप ट्रान्सपोर्टवाल्याच्या सर्व्हरकडे टेम्पो मागायचं. पण चाचणीसाठी खरे टेम्पो मागवून कसं चालेल? म्हणून नेत्राने तात्पुरता सर्व्हर उभा केला होता. चाचणी सुरू झाली की उठायचा, ट्रान्सपोर्टवाल्याच्या नावाने उत्तरं द्यायचा, चाचणी संपली की गायब. टीम लीड धनेश त्याला तोतया म्हणायचा.

"सगळं हिरवं!" धनेश स्क्रीनकडे बघत म्हणाला. "तुझ्या तोतयासमोर ॲप पास. सोडूया वापरात?"

"काहीही विचारा, तो हो म्हणतो. मीच शिकवलंय तसं."

"मग नवऱ्यालाही शिकवायचं होतंस."

नेत्रा हसली नाही. तिने तोतयाला नवं वागणं शिकवलं: मागणी घ्यायची, पण उत्तर द्यायचं नाही. चाचणी पुन्हा लावली. ॲपने वाट पाहिली, धीर सोडला आणि पुन्हा टेम्पो मागितला. माल एक, टेम्पो दोन. स्क्रीन लाल.

धनेशने जीभ चावली. "गेटवर ड्रायव्हरांनी एकमेकांच्या गचांड्या धरल्या असत्या."

पण नेत्राचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. सकाळी निघताना तीच सासूला म्हणाली होती, 'आज रजा मिळणार नाही आई, तुम्हीच सांभाळून घ्या.' मग सासूकडून 'बरा हाय'खेरीज दुसरं उत्तर येणार कुठून?

तिने फोन लावला. या वेळी कसा आहे, असं विचारलंच नाही.

"आई, थर्मामीटर लावा आणि आकडा वाचून सांगा. मी फोन धरते."

सासूचा, गुणाबाईंचा, आवाज खाली आला. "मगाशीच लावलेला. एकशे तीन. तुला रजा न्हाय ना... मनात आला, तुजा जीव कशाला टांगणीला लावू."

"ओल्या पट्ट्या ठेवा. निघाले मी. डॉक्टरकडे नेऊ."

"जा तू," धनेश म्हणाला. "हे मी बघतो."

रस्त्यावर कंटेनरची रांग हलत नव्हती. रिक्षावाला म्हणाला, "मॅडम, कामतघर तक जाम है."

"चलो तो सही, भैया."

फोन तिने तोडला नाही. पलीकडे भाविक भोकाड पसरून रडत होता, आणि नेत्रा ते रडणं कानाशी घट्ट धरून बसली होती.