मुक्ताताईंची नोकरी

कायदा म्हटला की आमच्या ह्यांना अंगावर पाल पडल्यासारखं होतं. आमचे हे म्हणजे विश्वेशभट. काशीत दूधविनायकात आमच्याकडे दहाव्या-बाराव्याला आलेली मराठी माणसं उतरतात, जेवतात. स्वयंपाक मुक्ताताईंचा. त्या आमच्या नात्यातल्या कोणी नाहीत, पगारावर येतात. पण हे पाहुण्यांना सांगतात, "ही माझी बहीण." त्याही भाऊबीजेला ओवाळतात, आणि ह्यांना रागावायचा हक्क माझ्याइतकाच बजावतात.

गेल्या महिन्यात वडे तळताना कढई कलंडली आणि त्यांचा उजवा हात भाजला. दवाखान्यात हे त्यांच्या उशाशी बसून राहिले. त्यातच बातमी आली, की कामगारांच्या भरपाईचा कायदा बदलायचं सरकारच्या मनात आहे. घरगुती खानावळीत राबणाऱ्यांनाही इजा झाली तर हक्काची भरपाई, नातेवाईक मात्र वगळून. लोकांचं म्हणणं ऐकायला सुनावणी ठेवली होती. हे तडक निघाले विरोध करायला, आणि पुरावा म्हणून मुक्ताताईंनाच घेऊन. नवरा भोळा सांब असला की बायकोला मागोमाग जावंच लागतं.

"साहब, हमारे घर में कोई नौकर नहीं," हे उभे राहून म्हणाले. "ये मेरी बहन है. बहन का हाथ जले तो भाई देखेगा. इसमें कानून क्यों?"

लोकांनी माना डोलावल्या. मुक्ताताई पदराने डोळे पुसत होत्या.

मला मात्र राग आला. मी ह्यांचा सदरा ओढला. "रोज मणिकर्णिकेवर जाता ना? उद्या तुम्हाला तिथे पोचवलं की अनिश पुण्याहून येईल आणि घराला कुलूप घालून जाईल. तो बघणार आहे मुक्ताताईंना?"

मुलगा आमचाच, त्यामुळे ह्यांना उत्तर ठाऊक होतं.

"लिखिए," शेवटी हे अधिकाऱ्याला म्हणाले. "बहन नहीं है. हमारे यहाँ नौकरी करती है. इनको कानून में लीजिए."

इतकं प्रेमाचं वाक्य ह्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं.

रिक्षात ह्यांना मुक्ताताईंकडे बघवत नव्हतं. घरी पोचलो तर नवे पाहुणे दारात उभे. ह्यांनी सवयीने ओळख करून द्यायला तोंड उघडलं, पण "ही माझी" इथेच अडकले.

मुक्ताताईंनी पट्टी बांधलेला हात पदराखाली घेतला आणि पुढे झाल्या.

"मी ह्यांची बहीण. या, बसा. आज स्वयंपाक दादा करणार आहेत."